गद्रेसाहेबांचं निघणं

गद्रेसाहेब भर पावसाळ्यात घरच्या पलंगावर वारले. इथल्या मराठी मंडळाची माणसं दुकानावर आली. म्हणाली, दिवाळीच्या अंकात त्यांच्यावर चार पानं काढतोय, तुमचा घरोबा होता, तुम्हीही लिहा. मी म्हटलं, मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, दाभण धरतो, पेन नाही. तर म्हणाले, बोलता तसं लिहा, आम्ही शुद्ध करून घेऊ. शुद्ध करायला हरकत नाही. गोड करू नका.

बाकीचे जे लिहितील ते खोटं नसेल. साहेब सज्जन होते. पाटबंधारे खात्यात इंजिनियर होते, कधी कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणाला अरेतुरे केलं नाही. माझ्यासारख्या तिरपाल, म्हणजे ताडपत्री, शिवणाऱ्याला खुर्ची द्यायचे आणि स्वतः उभे राहायचे. हे सगळं खरं. आणि माझी बायको कमल त्यांची वाट बघत मेली, हेही खरं. अंकात दोन्ही छापायचं असेल तर छापा.

आमचं घराणं छावनीतलं. आजोबा फौजेचे तंबू शिवायचे. फौज गेली, तंबू गेले, आम्ही तिरपालावर आलो. आता ग्वाल्हेरच्या दाना ओली नावाच्या बोळात खाली दुकान, वर घर. मूलबाळ नाही. कमल माझ्या बरोबरीनं मशीनवर बसायची. लग्नाचे मांडव, मेळ्यातल्या दुकानांच्या कनाती, ट्रकांची तिरपालं, जन्मभर हेच. पण तंबूत एक रात्र आम्ही कधी काढली नाही. कारागीर संध्याकाळी घरी येतो. तंबूत निजतो तो दुसराच कुणीतरी.

साहेब पहिल्यांदा आले ते उन्हाळ्यात. डोक्यावर ओला पंचा आणि पायात जाड बूट. ते बूट बघून मला वाटलं पोलीस खात्यातले असतील. पुढं कळलं, रिटायर झाल्यापासून ते रोज बूट घालूनच असत. चपलेची सवय लागली की पाय मऊ पडतात, वाळवंटात मग फोड येतात, असं म्हणायचे. सिटी सेंटरच्या कॉलनीत भाजी आणायला जाणारा माणूस वाळवंटाच्या बुटात.

हातात गुंडाळी होती. मी कापायला पसरलेल्या कॅनव्हासवर ती त्यांनी उलगडली. नकाशा होता. कोपऱ्यांवर माझीच कात्री, माझीच पट्टी ठेवली आणि बोट टेकलं.

"हे आपण. ग्वाल्हेर."

मग बोट निघालं. शिवपुरीवरून कूनोचं जंगल, तिथले नवे चित्ते. तिथून रणथंभोरच्या कडेकडेनं राजस्थानात. जोधपूर मागं टाकून जैसलमेरच्या पलीकडं, जिथं माळढोक पक्षी अजून उरलेत म्हणे. मग बाडमेर, मग खाली कच्छचं रण, तिथली रानगाढवं. सगळं स्वतः जीप चालवत.

"हॉटेल नाही, गाइड नाही. मुक्काम तंबूत. जंगलाच्या हद्दीबाहेर आणि रीतसर परवानगी घेऊन." परवानगी हा शब्द ते असा म्हणाले की जणू सगळी मजा त्यातच होती. "तंबू चार माणसांचा हवा."

"चार कोण?" मी विचारलं.

"ते ठरायचंय."

कमल मशीनवर होती. तिनं मान वर न करता विचारलं, "वाळूत खुंटी कशी धरेल?"

साहेब वळले. चेहरा असा उजळला की मला जरा रागच आला. "वहिनी, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नाही. खुंटी धरतच नाही. पिशवीत वाळू भरायची, तोंड बांधायचं, दोर तिला बांधायचा आणि पिशवी खड्ड्यात पुरायची. वारा कितीही येऊ दे."

"पिशव्या मी शिवते," कमल म्हणाली. "दुहेरी शिवण घालीन. पण त्या पुरतात का नाही, ते कोण बघणार?"

"तुम्हीच बघा. तुम्ही दोघं चला. चार जागा आहेत."

ते गेल्यावर मी म्हटलं, मोठ्या माणसांचं बोलणं असतं, विसर. ती म्हणाली, "अहो, मला चित्ता नको नि गाढव नको. आपण शिवलेल्या तंबूत एकदा निजायचंय. आतून कसा दिसतो ते बघायचंय. सकाळी शिवणीतून उजेड येतो का ते." मग म्हणाली, "वाळू मऊ असते ना?"

लग्नापासून तिनं माझ्याकडं मागितलेलं असं हे एवढंच. आणि ते माझ्या हातात नव्हतं. मला सायकलपलीकडं काही चालवता येत नाही.

तंबू झाला. साहेबांनी तो घरापुढच्या गवतावर लावला आणि पुन्हा उतरवलाच नाही, कापडाला ऊन-वारा समजला पाहिजे म्हणून. शेजारी कडुनिंबाखाली जीप. लष्कराच्या लिलावातली, जुनी, पण आरशासारखी. रविवारी सकाळी ती चालू व्हायची, टोल नाक्यापर्यंत जायची आणि परत यायची. परत आले की साहेब जीपखाली वाकून डिझेल गळतंय का त्याचा वास घ्यायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "सगळं झालं. आता एकच राहिलं."

ते एक काय, हे दर वेळी वेगळं असायचं. कधी टायर. कधी डिझेलचे जादा डबे. कधी वनखात्याचं पत्र. कधी साप चावल्यावरचं औषध कुठल्या गावच्या दवाखान्यात मिळतं त्याची खात्री. टायर आले की डबे ठेवायला लोखंडी चौकट करायची राहायची. चौकट झाली की वजन वाढलं म्हणून स्प्रिंगचे पाटे बदलायचे राहायचे. पाटे बदलेपर्यंत पत्राची मुदत संपायची.

त्यांची बायको सुमनताई. बोलायला तिखट, पण कमलवर जीव. कमलनं एकदा भाबडेपणानं विचारलं, "ताई, तुम्ही येणार ना?"

"कुठं?"

"जैसलमेरला."

"अगं, हे माझ्या लग्नापासून निघताहेत," ताई म्हणाल्या. "आधी हिमालयात निघाले होते. मग अंदमानला. गुडघे गेल्यापासून वाळवंटात निघाले. मी इथंच बरी. येताना मीठ आणा म्हणावं."

साहेब हसले. त्यांना टोमणा लागत नसे. टोमणा लागला असता तर एखादे वेळी निघाले असते.

एका मे महिन्यात त्यांनी पाण्याची परीक्षा घेतली. एका माणसाला दिवसाला किती पाणी लागतं ते पुस्तकात असतं, पण साहेबांचा पुस्तकावर विश्वास नव्हता. सकाळी एक कॅन भरून घेतला. पिणं, आंघोळ, भांडी, सगळं त्यातच. आणि भर उन्हात अंगणात, तंबूच्या दाराशी बसले. आम्ही पिशव्या द्यायला गेलो तर ताई दारात उभ्या.

"नळाला पाणी आलंय, जरा टाकी बघा म्हटलं, तर म्हणतात मी बाडमेरला आहे," त्या म्हणाल्या. "आता ह्यांना इथून जेवायला हाक मारायची का बाडमेरहून, तेवढं विचारा."

दुपारी साहेबांना भोवळ आली. कमलनं कैरीचं पन्हं करून आणलं. साहेबांनी पेला तोंडाशी नेला आणि थांबले. "वहिनी, हे आजच्या पाण्यात धरायचं का?"

"नका धरू साहेब," कमल म्हणाली. "हे समजा, वाटेत कुणी गाववाल्यानं दिलं."

ते प्यायले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला म्हणाले, "जाधव, वहिनींशिवाय ही सफर होणार नाही." मी ते ऐकून घेतलं. आज वाटतं, तिथंच त्या पन्ह्याबरोबर सफर झाली होती त्यांची.

आता प्रस्थानाचं सांगतो. आजच्या पोरांना माहीत नाही. आपल्याकडं मुहूर्त चांगला आहे पण त्या दिवशी निघता येत नाही, असं झालं की प्रस्थान ठेवायचे. एक कपडा, नारळ, सुपारी, हळद-कुंकू, असं गाठोडं बांधून वेशीबाहेर, निदान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे माणूस मुहूर्तावर निघाला असं धरतात. मग दोन-चार दिवसांत खरं निघायचं आणि जाताना ते उचलायचं.

त्या वर्षी दसऱ्याला निघायचं ठरलं. खरंच ठरलं. जीपला झेंडूचा हार घातला, कमलनं नवं लुगडं काढून ठेवलं, मी दुकानावर पाटी लावली. आणि आदल्या दिवशी साहेबांचा फोन, क्लच प्लेट नीट बसत नाही, नवी आग्र्याहून यायचीय.

कमलचं तोंड एवढंसं झालं. पण तिनंच उपाय काढला. "मुहूर्त सोडू नका साहेब. प्रस्थान ठेवा."

साहेबांना ते इतकं पटलं की लगेच रिक्षा करून आले. आपलं धोतर आणलं, जीपची जादा किल्ली आणली. कमलनं त्यात आपलं नवं लुगडं घातलं, नारळ-सुपारी घातली, माझ्या हातानं तिरपालाच्या दोरीनं गाठ मारून घेतली. गाठोडं माळ्यावर गेलं. साहेबांनी त्याला नमस्कार केला. जाताना बोळातल्या मिठाईवाल्यानं विचारलं, "गद्रेजी, कब निकल रहे हो?"

साहेब म्हणाले, "निकल चुके."

मी हसलो. हसायला नको होतं. क्लच प्लेट आली, बसली, दिवाळी झाली, आणि साहेबांचं ते वाक्य काही बदललं नाही. कुणीही विचारलं की म्हणायचे, "आम्ही निघालोय. प्रस्थान ठेवलंय." आधी निदान त्यांना घाई तरी असायची, रविवारी जीपखालून उठताना तोंड पडलेलं असायचं. आता कसं निवांत. माणूस एकदा निघाला म्हटल्यावर उशीर कसला? गाठोडं माळ्यावर आणि साहेब आरामखुर्चीत, नकाशावर भिंग धरून. पूर्वजांनी ही रीत निघणाऱ्यांसाठी काढली होती. तिच्यात असंही बसता येतं हे कुणाच्या लक्षात आलं नसावं.

पुढल्या पावसाळ्यात कमलला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग मशीनवर. डॉक्टर म्हणाला फुप्फुसं आखडत चाललीत, आता मागं फिरायची नाहीत. मी विचारलं, फिरवून आणू का कुठं? म्हणाला, न्यायचं असेल तर थंडी वाढायच्या आत न्या. कोरडी हवा सोसेल. नंतर सोसायची नाही. यापेक्षा साफ कोण सांगतं?

मी तिथून सरळ साहेबांकडं गेलो. म्हटलं, "साहेब, आता जे राहिलंय ते राहू द्या. परवा निघू. पुढली थंडी तिच्यासाठी नाही."

ते उभेच राहिले. चष्मा काढला, पुसला. त्या क्षणी त्यांना खरंच दुःख झालं, हे मी नाकारत नाही. मग म्हणाले, "मग तर सगळंच पुन्हा बघायला हवं. आजारी माणूस घेऊन वाळवंटात जायचं म्हणजे खेळ नाही. ऑक्सिजन लागेल. सिलिंडर आडवा ठेवायला जागा करावी लागेल. वहिनींची सीट मागं कलती हवी."

आणि लागले कामाला. कधी नव्हे ते इतकं राबले. मागची सीट कापून कलती करून घेतली, तिच्यावर ताईंची जुनी गोधडी शिवून घेतली. कमलला नेऊन बसवलं, पाय कुठं पोचतात ते बघितलं. ती त्या उभ्या जीपमध्ये कलून बसली, समोर काचेतून सिटी सेंटरची बँक दिसत होती. म्हणाली, "साहेब, फार सोय केलीत."

"आता एकच राहिलं वहिनी," साहेब म्हणाले. "सिलिंडरचा पट्टा."

मी मध्ये पडलो. "साहेब, जैसलमेर मरू द्या. मुरैन्यापुढं चंबळ आहे, वाळू आहे, मगरी आहेत, सुसरी आहेत. दीड-दोन तासांचा रस्ता. एक रात्र तिथं तंबू लावू."

त्यांना ते लागलं. टोमणा न लागणाऱ्या माणसाला हे लागलं. "जाधव, चंबळची वाळू म्हणजे वाळवंट नव्हे. वहिनींना मी वाळवंट दाखवीन म्हटलंय. काहीतरीच दाखवून त्यांची बोळवण करू?"

घरी आल्यावर मी कमलला म्हटलं, तिरपालं पोचवणारा रामवीर आहे, त्याचा टेम्पो घेऊ, तंबू परत मागू, उद्या तुला चंबळवर नेतो. ती दम खात खात म्हणाली, "नको हो. त्यांना काय वाटेल? माझ्यासाठी सीट कापली त्यांनी. जायचं तर त्यांच्याबरोबरच." मी चिडलो, ओरडलोही. ती म्हणाली, "ते न्यायचे ते नेतील. माळ्यावर लुगडं आहे माझं. मी निघालेली आहे."

पट्टा आला तेव्हा ती दवाखान्यात होती. साहेब तो हातात घेऊन खाटेशी आले. चांगला होता पट्टा, जाड, पितळी बकलाचा. तिनं बोटानं त्याची शिवण चाचपली. "दुहेरी आहे," म्हणाली. बोलली ते शेवटचं असंच काहीबाही. संक्रांतीआधी गेली.

तेराव्याला साहेब आले. जेवले नाहीत, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसले. मग माळ्याकडं बघत म्हणाले, "जाधव, वहिनींचं लुगडं प्रस्थानात आहे. म्हणजे त्या निघालेल्याच आहेत. आपण ते लुगडं नेऊ. जैसलमेरच्या वाळूत तंबू लावू आणि ते आत पसरू. एक रात्र."

मी कडू माणूस आहे, पण खोटं लिहिणार नाही. माझा विश्वास बसला. मेलेल्या बायकोचं लुगडं घेऊन वाळूत जायचं म्हणजे खुळेपणा, पण मला तो हवासा वाटला. मी विचारलं, "कधी?"

"बस," साहेब म्हणाले. "त्यांच्या सीटची आता गरज नाही. ती काढून तिथं पाण्याचा जादा कॅन बसतो का, तेवढं एकच बघायचं राहिलं."

मी उठून आत गेलो. परत बाहेर आलो नाही.

होळीनंतर एका सकाळी मी गाठोडं माळ्यावरून काढलं. दोरी सोडली, त्यांचं धोतर आणि किल्ली वेगळी केली, लुगडं पिशवीत घातलं. रामवीरला टेम्पो घेऊन बोलावलं. सिटी सेंटरला गेलो.

साहेब गवतावर, तंबूच्या दाराशी स्टुलावर बसले होते. वाळले होते. पायात बूट होते, पण नाड्या सोडलेल्या, पायाला सूज होती. मी धोतर आणि किल्ली जीपच्या बॉनेटवर ठेवली.

"हे काय?" ते म्हणाले. "प्रस्थान मोडलंत?"

"मोडलं. तंबू न्यायला आलोय."

"कुठं?"

"चंबळवर. आजच."

मला वाटलं भांडतील. मी भांडायच्या तयारीनंच आलो होतो. ते उठले आणि स्वतः दोर सोडायला लागले. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. कापडाची घडी त्यांनी कमलनं शिकवली होती तशीच घातली, आधी कनात आत, मग छत, मग तिरकी गुंडाळी. एक सुरकुती पडू दिली नाही. खुंट्यांची पिशवी मी उचलली तर म्हणाले, "त्या नका नेऊ. वाळू आहे." आत जाऊन कमलनं शिवलेल्या रिकाम्या पिशव्या घेऊन आले. त्या कोऱ्याच होत्या. माझ्या हातात देताना म्हणाले, "पुरतात का बघा."

सुमनताई दारात आल्या होत्या.

आम्ही तंबू टेम्पोत चढवला. साहेब तिथंच घुटमळले. म्हणाले, "जाधव, मीही आलो तर चालेल?"

माझ्या मनात काय काय होतं ते इथं लिहीत नाही. मी म्हटलं, "चला साहेब. पुढं जागा आहे. चला."

त्यांनी एक पाय उचलला. टेम्पोकडं बघितलं, मग जीपकडं, मग बुटाच्या नाड्यांकडं. "आलोच," म्हणाले. "एक मिनिट. फक्त..."

मी पुढं ऐकलं नाही. रामवीरच्या शेजारी जाऊन बसलो. फाटकातून बाहेर वळताना मागं दिसले ते शेवटचे. तंबू जिथं उभा होता तिथलं गवत पिवळं पडलं होतं, चौकोनी. साहेब परत जाऊन त्या चौकोनाच्या मधोमध उभे राहिले होते, आणि आजूबाजूला बघत होते, काय राहिलं ते.

रामवीरनं गाडी हळू केली. "बाबूजी, वो साब भी आ रहे हैं क्या?"

मी म्हटलं, "नहीं. तुम चलो."